नोंदी ठेवायला शिकताना: नवख्यांची पहिली वही

नोकरीला लागून मला तीनच आठवडे झाले होते. दिवसअखेर पेटीतली रक्कम आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ घालायचा, एवढंच काम. त्या संध्याकाळी २७० कमी भरत होते. पेटी तीनदा मोजली, वहीची बेरीज चारदा केली, दर वेळी तेच २७०. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाई बराच वेळ गप्प होत्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "नवाने भाग जातोय का बघ."

गेला. उत्तर ३०.

"मग पैसे कुठं गेले नाहीत. तू आकडे उलटे मांडलेस. शतक आणि दशकाच्या घरात तीनचा फरक असलेली जोडी शोध." पाच मिनिटांत सापडली. पावती ३६० ची होती, वहीत मी ६३० लिहिले होते.

शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. दशक-एककात उलटले तर ९ च्या, शतक-दशकात उलटले तर ९० च्या. २७० म्हणजे ९० त्रिक, म्हणून तीनचा फरक. मला त्या दिवशी ही जादूच वाटली होती. पण खरं वाचवलं ते पावतीनं. ती जपून ठेवली नसती तर ३६० खरे की ६३०, हे नवाचा पाढा कसं सांगणार?

नीटनेटकी माणसंच चांगल्या नोंदी ठेवतात असा एक समज आहे. मी तरी गिचमिड अक्षराच्या वह्या खऱ्या निघालेल्या आणि मोत्यासारख्या अक्षरातल्या वह्या खोट्या निघालेल्या पाहिल्यात. वहीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो. घडणं आणि लिहिणं यांत किती वेळ गेला, आणि चूक झाली तेव्हा लिहिणाऱ्याने काय केलं. पुढच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात. हिशेब असो, माल असो, प्रयोग असो, आजाऱ्याचं तापमान असो, फार फरक पडत नाही.

पायरी १: रकाने आखण्याआधी वाचक ठरवा

नवा माणूस कोरी वही हातात घेतो आणि आधी पट्टी शोधतो. जरा थांबा. ही वही वाचणार कोण? आठवड्याभराने तुम्हीच? तुमच्या रजेत तुमचं काम सांभाळणारा सहकारी? तीन वर्षांनी येणारा तपासनीस? की घाईत असलेला डॉक्टर? रकाने या उत्तरावर ठरतात. घरी रक्तदाब मोजून लिहिणारे पुष्कळ जण वरचा आणि खालचा आकडा तेवढा लिहितात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो किती वाजता मोजला, गोळीच्या आधी की नंतर, कोणत्या दंडावर. हे वहीत नसलं की महिन्याभराची मेहनत असूनही डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगावं लागतं.

कोणत्याही नोंदीत पाच गोष्टी हव्यातच: कधी, काय, किती, कोणी लिहिलं, आणि कशावरून. पहिल्या चार बरेच जण लिहितात. "कशावरून" हा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो, आणि वाद झाला की शोध त्याचाच सुरू होतो. मोजून लिहिलं का? पावती बघून? फोनवर कोणी सांगितलं म्हणून? अंदाजाने? अंदाजाने लिहायला हरकत काहीच नाही, पुढे "अं." एवढं लिहा. वर्षभराने अंदाजाचे ५० आणि मोजलेले ५० वहीत शेजारी बसलेले असतात आणि दोघं अगदी सारखे दिसतात.

रकाने जास्तही नकोत. पहिल्या दिवशीच्या उत्साहात चौदा रकाने आखलेल्या वह्या मी बघितल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात नऊ रकाने रिकामे, तिसऱ्या आठवड्यात वहीच बंद. सहा-सात पुरे. एखादी गोष्ट वारंवार शेऱ्यात लिहावी लागतेय असं दिसलं, की तिला स्वतंत्र रकाना द्या.

पायरी २: घडलं की लिहा

मला एकदा एका ठिकाणच्या शीतकपाटाच्या तापमानाची वही तपासायला दिली होती. रोज दोन वेळा बघून लिहायचं तापमान. वही देखणी होती. एकच शाई, एकच वळण, एकही खाडाखोड नाही, आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४ अंश. ४, ४, ४, ४. खरं कपाट असं वागत नाही. दार उघडतं, माल भरला जातो, वीज जाते, काटा ३ आणि ६ मध्ये हलत राहतो. मी पानं उलटत शेवटापर्यंत गेलो, तर ३१ जूनचंही तापमान लिहिलेलं होतं. सकाळचं आणि संध्याकाळचं.

लिहिणारा माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. पहिल्या दिवशी राहिलं, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं भरलं, मग आठवड्याचं, मग महिन्याचं. नोंद बिघडते ती अशी, रोज थोडी थोडी. त्या वहीतला एखादा ४ खरा असेलही, पण तो कोणता हे आता कोणालाच ओळखता येणार नाही.

म्हणून वही घडण्याच्या जागी ठेवा. तापमानाची वही कपाटापाशी, मालाची वही दारापाशी, गाडीच्या किलोमीटरची वही गाडीत. पेन दोऱ्याने बांधा. हसू नका, पेन सापडलं नाही म्हणून जेवढ्या नोंदी राहतात तेवढ्या आळसाने राहत नसतील.

हातातलं काम टाकून पक्की नोंद करता येत नसेल, तर कच्ची करा. ही सोय फार जुनी आहे. लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत सांगितली, तीत तीन वह्या आहेत. पहिली टिपणवही: व्यवहार झाला की झाला तसा, साध्या शब्दांत, जो हजर असेल त्याने लिहायचा. दुसरी रोजकीर्द: टिपणांवरून तारीखवार, पद्धतशीर. तिसरी खतावणी: तेच व्यवहार खातेवार. पाचशे वर्षांनीही ही विभागणी चालते. खिशातली छोटी डायरी किंवा फोनमधलं टिपण ही तुमची पहिली वही. त्यातलं त्याच दिवशी पक्क्या वहीत चढवा, आणि चढवलं की टिपणावर बरोबरची खूण करा. टिपण मात्र फाडू नका. पक्क्या वहीत चूक झालीच तर मागे जायला तीच वाट असते.

राहूनच गेलं तर? लिहा, पण उशिरा लिहिलं असं लिहा: "१२ तारखेची नोंद, १४ ला आठवून लिहिली." मागच्या तारखेच्या दोन ओळींमध्ये बारीक अक्षरात कोंबू नका. तपासणाऱ्याला कोंबलेली ओळ लगेच दिसते, आणि मग त्याला बाकीच्या ओळींचाही संशय येतो.

पायरी ३: आकडा, एकक, तारीख

कॅनडात २३ जुलै १९८३ रोजी एका बोइंग ७६७ विमानाचं इंधन हवेत, सुमारे ४१,००० फुटांवर संपलं. उड्डाणाला २२,३०० किलो इंधन लागणार होतं. हे विमान नवं, किलोत मोजणारं. पण लिटरचं वजनात रूपांतर करताना सवयीने १.७७ ने गुणलं गेलं. एक लिटर इंधन भरतं १.७७ पौंड. किलोत ते ०.८ च्या आसपास. आकडा २२,३०० असाच आला, फक्त ते पौंड होते, म्हणजे हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. वैमानिकांनी बंद इंजिनांचं विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि ६१ प्रवासी व ८ कर्मचारी वाचले. सोळा वर्षांनी, सप्टेंबर १९९९ मध्ये, नासाचं मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं यान नष्ट झालं. तिथंही जमिनीवरची एक संगणकप्रणाली बलाचे आकडे पौंडात देत होती आणि घेणारी ते न्यूटन या दुसऱ्या एककात समजून वाचत होती.

दोन्हीकडे बेरीज-गुणाकारात चूक नव्हती. आकड्यामागचं एकक प्रत्येकाने मनात धरलं होतं. तुमच्या वहीत "५०" असं एकटं कधीच उभं राहू देऊ नका. ५० काय? नग, डबे, की डझनाचे खोके? एकक रकान्याच्या डोक्यावर लिहा, आणि एखाद्या ओळीत ते बदललं तर त्या ओळीत पुन्हा लिहा.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपण देवनागरी आणि इंग्रजी आकडे सर्रास मिसळतो. घाईत लिहिलेला आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. आपला १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखेच. त्यात आपले १ आणि ९, ५ आणि ६ एकमेकांत मिसळतात ते वेगळंच. उपाय साधा आहे: एका वहीत एकच लिपीचे आकडे, आणि ते पहिल्या पानावर ० ते ९ लिहून दाखवायचे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते अजून असतात.

कानाचीही तीच गत. फोनवर "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर", "त्रेपन्न" आणि "त्रेसष्ट" ऐकून बघा. आकडा तोंडी घेताना अंक सुटे करून परत म्हणा: "पाच-नऊ, बरोबर?" समोरचा "हो" म्हणाला की मगच लिहा. "दीड-दोनशे" असं कोणी सांगितलं तर ते तसंच्या तसं शेऱ्यात लिहा. आपल्या मनाने १७५ करू नका.

तारखेचं थोडक्यात. ०३/०४ म्हणजे काही देशांत ३ एप्रिल, काही देशांत ४ मार्च. वहीत महिना अक्षरांत लिहा. संगणकावर वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवा, २०२४-०४-०३ असा. आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे आणि फायली नावाने लावल्या की आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. वर्ष पूर्ण चार आकडी.

पायरी ४: शून्य, रेघ आणि रिकामी जागा

पायऱ्यांमधली ही सर्वांत छोटी सूचना, आणि नवख्यांकडून सर्वांत जास्त मोडली जाणारी.

पावसाची नोंद ठेवताय असं समजा. मंगळवारच्या चौकटीत काहीच लिहिलेलं नाही. याचे निदान तीन अर्थ होतात. पाऊस पडला नाही. पडला असेल, पण मोजला नाही. मोजला, पण लिहायचा राहिला. महिन्याची बेरीज करणारा रिकाम्या चौकटीला शून्य धरतो, आणि न मोजलेला मंगळवार कायमचा कोरडा होतो. म्हणून मोजलं आणि काही नव्हतं तर ०. मोजलंच नाही तर रेघ, आणि शेऱ्यात कारण: "रजा", "काटा बिघडला", "भांडं उपडं पडलं होतं". चौकट रिकामी सोडायची नाहीच. मग रिकामी चौकट दिसली की तिचा एकच अर्थ उरतो, लिहायचं राहिलंय.

रेघ मारायची लाज वाटते हे मला ठाऊक आहे. पानाला भोक पडल्यासारखं वाटतं, आणि मागच्या-पुढच्या आकड्यांची सरासरी तिथं बसवण्याचा मोह होतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. सुरुवातीला तो दहा लाख भागांत सुमारे ३१३ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. हवेतल्या या वायूची थेट मोजलेली सर्वांत लांब अखंड मालिका म्हणून या नोंदींचं नाव घेतात. आणि तरी १९६४ च्या वसंतात, पैसा आटल्यामुळे, काही काळ मोजणी बंद पडली होती. मूळ नोंदींत ती फट आजही फट म्हणूनच आहे. कोणाला पुढे गणित करून ती भरायची असेल तर तो आकडा वेगळ्या रकान्यात, "मोजलेला नाही" असं सांगून देतात. मालिकेचं वजन त्या फटीमुळे काही कमी झालेलं नाही.

पायरी ५: चूक खोडायची कशी

चूक होणार. माझ्याही होतात. प्रश्न तिचं काय करायचं एवढाच.

खोडरबर नको, पांढरी शाई नको, पान फाडणं तर नकोच. चुकलेल्या आकड्यावरून एकच आडवी रेघ मारा, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा लिहा. तिथंच तारीख, आपली आद्याक्षरं, आणि दोन शब्दांत कारण: "अंक उलटे", "चुकीची पावती", "बेरीज चुकली". चुकलेल्या आकड्यावरच गिरवून दुसरा आकडा करायचा नाही. ३ चा ८ केला की तो ३ ही राहत नाही आणि ८ ही होत नाही.

माझ्या त्या ६३० वर बाईंनी मला अशीच रेघ मारायला लावली होती. मला ते पान बदलून हवं होतं. "पान स्वच्छ दिसेल," मी म्हणालो. त्यांनी विचारलं, "आणि या पानाचा नंबर कुठून आणशील?" वहीची पानं त्यांनी आधीच क्रमांक घालून ठेवली होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बांधीव वही आणि क्रमांक घातलेली पानं का वापरायची, हे मला तेव्हा कळलं. सुट्या पानांची फाइल सोयीची असते, पण तिच्यातून पान नाहीसं झालं तर कोणाला पत्ता लागत नाही.

हिशेबात एक आणखी पद्धत आहे. महिना बंद झाल्यावर, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) जुळल्यावर, मागच्या पानावर जाऊन दुरुस्ती करत नाहीत. आजच्या तारखेला उलट नोंद टाकून चुकलेली नोंद रद्द करतात, आणि मग बरोबर नोंद टाकतात. तिन्ही ओळी वहीत राहतात. लांबलचक वाटतं खरं, पण मागच्या महिन्याचा ताळेबंद ज्यांच्या हाती गेलाय, त्यांच्या कागदावरचे आकडे आणि तुमच्या वहीतले आकडे मग वेगळे पडत नाहीत.

याच पायरीत एक सूक्ष्म गोष्ट येते. जे दिसलं ते लिहा, दिसायला हवं होतं ते लिहू नका. खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लर मंगळाची कक्षा वर्तुळात बसवू पाहत होता. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाने दुर्बीण नसलेल्या काळात वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदी त्याच्या हाती होत्या. गणित आणि नोंद यांत फरक उरला तो ८ कलांचा, म्हणजे चंद्राच्या दिसणाऱ्या रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्याचा. दुसऱ्या कोणाच्या नोंदी असत्या तर निरीक्षणातली चूक म्हणून फरक सोडून देता आला असता. ब्राहेच्या नोंदीत एवढी चूक असणार नाही हे केप्लरला पक्कं ठाऊक होतं. त्याने वर्तुळ सोडलं, आणि १६०९ मध्ये कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं प्रसिद्ध केलं. ब्राहे तोवर वारून आठ वर्षं झाली होती. त्याने एखाद्या रात्री "आकडा विचित्र येतोय, जरा सरळ करू" म्हटलं असतं तर?

पायरी ६: पुरावा जोडा

यात फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक पावतीला क्रमांक, तोच क्रमांक वहीच्या ओळीत. पावतीवरून ओळ सापडली पाहिजे आणि ओळीवरून पावती. यंत्रातून निघणारी गुळगुळीत कागदाची पावती शाईची नसते, उष्णतेने काळी पडणाऱ्या कागदाची असते. उन्हात, गरम जागी किंवा नुसती ठेवूनही ती वाचता येईनाशी होते. तिचा फोटो किंवा झेरॉक्स त्याच दिवशी काढा. वहीसाठी साधं बॉलपेन वापरा, जेलची बरीच पेनं पाण्याच्या एका थेंबाने पसरतात.

पायरी ७: संगणकाला सगळं कळतं असं समजू नका

तक्त्याचं (एक्सेलसारखं) सॉफ्टवेअर बेरजेत चुकत नाही, पण ते आगाऊ आहे. ००४७ असा क्रमांक टाकलात की ते पुढची शून्यं काढून ४७ करतं. ३-४ असा खोलीचा क्रमांक टाकला की त्याची तारीख करतं. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत: 'मार्च१', 'सेप्ट१' अशी काही मानवी जनुकांची नावं होती, तक्त्यात टाकली की त्यांची तारीख व्हायची. सॉफ्टवेअर बदलेल ही आशा सोडून २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशी नावं टाळायचा नियमच केला, आणि 'मार्च१' चं 'मार्चएफ१', 'सेप्ट१' चं 'सेप्टिन१' झालं. मला ही हकीकत फार आवडते. नोंदणी करणाऱ्यांनी यंत्रापुढे हात टेकल्याचं इतकं लेखी उदाहरण दुसरं नसेल. तुम्ही मात्र हात टेकू नका. क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार आधीच "मजकूर" असा निवडा आणि मग टायपिंगला बसा.

दुसरा धोका गुपचूप गळतीचा. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरोनाच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर मुख्य यादीत पोचल्याच नाहीत. फाइल जुन्या प्रकारात साठवली जात होती, आणि त्या प्रकारात एका तक्त्यात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. ते रुग्ण कोणाच्या संपर्कात आले होते, याचा शोध तेवढे दिवस लांबला. तुमच्या कामात एवढ्या ओळी येणार नाहीत, पण धडा लहान तक्त्यालाही लागू आहे. माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नेली की दोन्हीकडच्या ओळी मोजा आणि एका रकान्याची बेरीज ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मूळ नोंदींच्या फाइलमध्ये गणितं करू नका. मूळ फाइल वेगळी, तिला कोणी हात लावायचा नाही. तिची प्रत काढून त्यात हवी ती उलथापालथ करा. आणि "अंतिम", "अंतिम नवी", "अंतिम खरी" अशी नावं देऊ नका. फाइलच्या नावात तारीख घाला.

पायरी ८: मेळ घाला, आणि लवकर घाला

रोजची शिल्लक रोज. मालाची मोजणी निदान महिन्याला, आणि महागाच्या किंवा झपाट्याने खपणाऱ्या वस्तूंची आठवड्याला. मेळ जितका लांबवाल तितकी चूक शोधायची जागा मोठी होत जाते. त्या संध्याकाळी मला एका दिवसाची अठरा-वीस पावत्यांची चळत चाळायची होती, महिन्याची असती तर मी रात्रभर बसलो असतो.

फरक आला की लगेच पहिल्या ओळीपासून तपासत सुटू नका. आधी फरकाकडेच नीट बघा. ९ ने भाग जातोय? अंक उलटे पडले असतील, किंवा एखादं शून्य कमी-जास्त झालं असेल. ४५० च्या जागी ४५ लिहिले तर फरक ४०५, तोही ९ च्या पटीत. भाग जात नाही? मग फरकाची निम्मी रक्कम वहीत कुठं आहे का बघा. असेल तर ती बहुधा जमेच्या बाजूऐवजी नावेच्या बाजूला पडलीय. तेही नाही? फरकाएवढीच रक्कम शोधा, ती एकदा राहिली असेल किंवा दोनदा चढली असेल. एवढं करून नाही सापडलं, तरच ओळीओळीने जा, आणि जाताना एकाने पावती वाचायची, दुसऱ्याने वही बघायची. आपलीच चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आपण जे लिहायचं होतं तेच वाचतो.

एक मोह टाळा. फरक सापडत नाही म्हणून "किरकोळ" नावाखाली टाकून मेळ जुळवायचा. खिशातून भरून जुळवणं तर त्याहून वाईट, कारण मग तो फरक होता हेसुद्धा वहीला माहीत राहत नाही. फरक फरक म्हणूनच लिहा: "४० कमी, शोध चालू." पुढच्या आठवड्यात ४० जास्त आले, तर दोन्हीचा उलगडा एकदमच होतो.

पायरी ९: सांभाळणं आणि टाकणं

महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. प्रत काढली एवढ्यावर भरवसा नको. अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल उघडून बघा. कोणत्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या हे देशाच्या आणि क्षेत्राच्या नियमांवर ठरतं, ते आधीच विचारून वहीच्या पाठीवर लिहा: "अमुक सालापर्यंत ठेवणे." माणसांची नावं, आजार, पैशांचे तपशील असलेल्या वह्या कुलपात. मुदत संपली की कागद फाडून बारीक करून टाका, आणि टाकले याचीही एक ओळ लिहा.

पहिल्या पंधरवड्यानंतर

आता वही एखाद्या अशा माणसाकडे द्या, ज्याला तुमच्या कामातलं काही माहीत नाही. त्याला दोन प्रश्न शोधायला सांगा: मागच्या मंगळवारी काय झालं, आणि आत्ता शिल्लक किती. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. हे कठीण जातं, जीभ चावून बसावं लागतं. तो "हे 'बा.' म्हणजे बाकी की बाहेर?" असं विचारेल. "हा बाण कशाचा?" विचारेल. एखाद्या चौकटीवर बोट ठेवून नुसताच तुमच्याकडे बघेल. त्याचा प्रत्येक प्रश्न कागदावर टिपून घ्या, आणि त्या सगळ्यांची उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर, ० ते ९ च्या आकड्यांखाली, लिहून काढा. माझ्या पहिल्या वहीत अशी अकरा उत्तरं लिहावी लागली होती. सध्याच्या वहीत चार आहेत, त्यातलं एक अजूनही 'बा.' चंच आहे.